रक्ताच्या वाटेची राखण

नागपूर शहराच्या पूर्वभागांत, इतवारीच्या जुन्या पेठेपासून जवळच, लकडगंज नांवाची वस्ती आहे. वस्तीच्या नांवांतच तिचा धंदा सांगितलेला आहे. गंज म्हणजे बाजार, आणि लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. रानांतलें सागवान वखारींत येऊन पडावें, आरायंत्रांवर त्याच्या फळ्या आणि पट्ट्या निघाव्या, आणि चौकटींसाठीं, दारांसाठीं, कपाटांसाठीं तें गांवोगांव जावें, हा तेथला परंपरेचा क्रम. लाकडावर हात चालविणाऱ्या अशा वस्तींत एक गोष्ट मुद्दाम आठवावी अशी आहे. मूत्रपिंडें निकामी झालेल्या माणसाला वांचविणारें पहिलें यंत्र लाकडी पट्ट्यांच्या पिंपाचें होतें.

आज डायलिसिसचें यंत्र शहरांतील बहुतेक कुटुंबांना निदान ऐकून तरी माहीत आहे. कोणाच्या घरीं, कोणाच्या शेजारीं, कोणाच्या नात्यांत त्याची गरज पडलेली असते. त्या यंत्राचें कौतुक पुष्कळ होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु एक अडचण त्याच्या जन्मापासून त्याच्या पाठीस लागलेली आहे, आणि तिच्याकडे सामान्य माणसाचें लक्ष क्वचितच जातें. रक्त शुद्ध करावयाचें तर तें आधीं शरीराबाहेर आणावें लागतें, आणि शुद्ध झाल्यावर पुन्हां आंत सोडावें लागतें. तेंही एकदां नव्हे, तर आठवड्यांतून दोनदां-तीनदां, वर्षानुवर्षें. हें जाणेंयेणें कोणत्या वाटेनें व्हावें? ती वाट कशी सांपडली, ती बुजूं नये म्हणून माणसानें काय काय केलें, आणि अलीकडे तिच्यावर उबेचा जो एक उपचार होऊं लागला आहे त्याची योग्यता किती, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आश्रयानें असलेलीं, मुठीएवढ्या आकाराचीं दोन मूत्रपिंडें रात्रंदिवस रक्त गाळीत असतात. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव त्यांच्या सूक्ष्म गाळण्यांतून उतरतो. त्यांतला दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो. बाकीचा शरीर परत घेतें. मधुमेहानें, चढलेल्या रक्तदाबानें किंवा अन्य कारणानें हीं गाळणीं झिजत गेलीं म्हणजे बाहेर पडावयाचें विष रक्तांतच सांठतें. पायांवर सूज येते, अन्न नकोसें होतें, श्वास लागतो, आणि शेवटीं शुद्धि हरपते. शतकानुशतकें या अवस्थेला उपाय नव्हता. वैद्यानें नाडी पाहावी आणि नातेवाइकांनीं समजून घ्यावें, एवढेंच उरत असे.

या अंधारांत पहिली फट पडली ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत. १८६१ सालीं टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, चर्मपत्रासारख्या पडद्याच्या एका बाजूस मिश्र द्रावण आणि दुसऱ्या बाजूस स्वच्छ पाणी ठेवलें, तर लहान कण पडद्यांतून पलीकडे जातात आणि मोठे कण मागें राहतात. या क्रियेला त्यानें डायलिसिस हें नांव दिलें. युरिया हा लहान कण आहे, आणि रक्तपेशी व प्रथिनें हीं मोठीं आहेत. म्हणजे रक्तांतलें विष काढून घ्यावें आणि रक्त तसेंच ठेवावें, ही युक्ति तत्त्वतः सिद्ध झाली होती. पण तत्त्व आणि व्यवहार यांमध्यें पन्नास वर्षांचें अंतर पडलें.

१९१३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन एबल आणि त्याचे दोघे सहकारी यांनीं प्राण्याचें रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवून तें शुद्ध करून दाखविलें. त्या वेळीं जी अडचण आली ती रक्ताच्या स्वभावाची. रक्त अंगाबाहेर पडलें कीं गोठतें. तें गोठूं नये म्हणून एबलनें जळवांच्या डोक्यांपासून काढलेला हिरुडिन नांवाचा पदार्थ वापरला. येथें भारतीय वाचकाला सुश्रुताची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. सुश्रुतसंहितेंत जळवांवर एक स्वतंत्र अध्याय आहे; कोणत्या जळवा घ्याव्या, त्या कशा लावाव्या आणि कशा काढाव्या, हें त्यांत तपशिलानें सांगितलें आहे. जळू रक्त पिते आणि तिच्या तोंडीं तें गोठत नाहीं, ही गोष्ट जुन्या वैद्यांच्या रोजच्या पाहण्यांतली होती. ती कशामुळें, हें मात्र १९ व्या शतकाच्या अखेरीस उलगडलें.

जर्मनींतील गीसेन येथें गेऑर्ग हास यानें १९२४ सालीं माणसावर पहिला प्रयोग केला. तो सुमारें पंधरा मिनिटें चालला. पुढें हेपॅरिन हें रक्त न गोठूं देणारें अधिक चांगलें द्रव्य हातीं आलें, आणि बाजारांत सेलोफेनच्या नळ्या मिळूं लागल्या. या नळ्या खरोखर सॉसेज भरण्यासाठीं केलेल्या होत्या. आतां उणीव होती ती या सर्वांची मोट बांधणाऱ्या माणसाची.

तो माणूस म्हणजे विलेम कोल्फ हा तरुण डच डॉक्टर. १९३८ सालीं ग्रोनिंगेन येथें काम करीत असतांना मूत्रपिंडें गेलेला एक तरुण त्याच्या डोळ्यांदेखत दगावला, आणि त्या मुलाच्या आईला तें सांगण्याची पाळी त्याच्यावर आली. दिवसाला थोडासा युरिया जरी काढून टाकतां आला असता, तर हा मुलगा जगला असता, हा विचार त्याला स्वस्थ बसूं देईना. हॉलंड जर्मनांच्या ताब्यांत गेल्यावर तो कांपेन या लहान गांवच्या रुग्णालयांत गेला. युद्धामुळें धातु दुर्मिळ झालेला. वस्तु मिळतील तेथून गोळा कराव्या लागत. एनॅमलची भांडीं करणाऱ्या स्थानिक कारखानदारानें त्याला मदत केली. आडव्या पिंपावर सेलोफेनची लांब नळी गुंडाळलेली, पिंपाचा खालचा भाग मिठाच्या पाण्यानें भरलेल्या टबांत बुडालेला, आणि पिंप गरगर फिरत असलेलें, असें तें यंत्र होतें. त्या पिंपांच्या लाकडी पट्ट्या आज संग्रहालयांतून पाहावयास मिळतात.

१९४३ सालीं या यंत्राचा उपचार आरंभला. पहिल्या पंधरासोळा रुग्णांपैकीं जवळजवळ कोणीही वांचलें नाहीं. शेवटीं ११ सप्टेंबर १९४५ या दिवशीं बेशुद्धावस्थेंत आणलेली ६७ वर्षांची एक स्त्री उपचारानंतर शुद्धीवर आली आणि पुढें कित्येक वर्षें जगली. यंत्राचा विजय म्हणून ही कथा नेहमीं सांगितली जाते. परंतु कोल्फच्या अगदी पहिल्या रुग्णाची कथा तितकीच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ती २९ वर्षांची तरुणी होती. प्रत्येक वेळीं तिच्या अंगावरची एक नवी धमनी किंवा शीर कापून उघडावी लागे, आणि ती पुन्हां वापरतां येत नसे. बारा वेळां रक्तशुद्धि झाली. नंतर उघडावयास जागाच उरली नाहीं. यंत्र चालूं शकत होतें, डॉक्टर उभा होता, रुग्णही जिवंत होता. संपली होती ती वाट.

ही अडचण पुढें सतरा वर्षें तशीच राहिली. मूत्रपिंडें कांहीं दिवसांपुरतीं बंद पडून पुन्हां सुरू होणार असतील, तर चार-सहा वेळां शिरा उघडून रुग्णाला तारून नेतां येई. त्याच कारणासाठीं कोरियाच्या युद्धांत जखमी सैनिकांवर या यंत्राचा उपयोग झाला. पण ज्याचीं मूत्रपिंडें कायमचीं गेलीं, त्याला यंत्र असूनही मरण चुकत नव्हतें.

१९६० सालीं सिअ‍ॅटल येथील बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टराला यावर तोड सुचली. टेफ्लॉन या नव्या पदार्थाला कांहीं चिकटत नाहीं. त्याची एक नळी मनगटाजवळच्या धमनींत आणि दुसरी शेजारच्या शिरेंत बसवून दोन्हींचीं तोंडें कातडीबाहेर काढावीं. उपचार नसेल तेव्हां तीं वांकड्या नळीनें एकमेकांस जोडून ठेवावीं, म्हणजे रक्त वाहतें राहील व गोठणार नाहीं. उपचाराच्या वेळीं तोच जोड सोडवून यंत्राला लावावा. ९ मार्च १९६० रोजीं क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगाराच्या हातांत ही नळी बसविली. मरणाच्या दारांतून परतलेला तो माणूस पुढें अकरा वर्षें जगला. कायमचा आजारी मनुष्य यंत्राच्या आधारावर संसार करूं शकतो, हें जगानें प्रथमच पाहिलें.

परंतु त्याबरोबर एक भयंकर प्रश्नही उभा राहिला. यंत्रें थोडीं, रुग्ण फार. सिअ‍ॅटलमध्यें कोणाला घ्यावें आणि कोणाला परत पाठवावें, हें ठरविण्यासाठीं सामान्य नागरिकांची एक समिति नेमली गेली. माणसाचें वय, नोकरी, मुलेंबाळें पाहून ती निवड करी. १९६२ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकानें ही हकीकत छापली तेव्हां वाचणाऱ्यांच्या अंगावर कांटा आला. औषध असणें वेगळें आणि तें सर्वांना मिळणें वेगळें, हा धडा वैद्यकाला तेव्हां उघडपणें शिकावा लागला.

स्क्रिबनरच्या नळीचे दोषही लवकरच दिसूं लागले. कातडीबाहेर आलेली वस्तु म्हणजे जंतूंना दिलेलें आमंत्रण. नळी धक्क्यानें निसटे, तिच्यांत गुठळी होई, आणि कांहीं महिन्यांत ती बदलून नवी जागा शोधावी लागे. यावर जो उपाय सांपडला तो मात्र नव्या पदार्थांतून आला नाहीं. तो एका जुन्या अपघाताच्या निरीक्षणांतून आला.

पूर्वीं युरोपांत कोपराच्या शिरेवर चीर देऊन रक्त काढण्याची सर्रास चाल होती. कधीं हाताची चूक होऊन पातें शिरेंतून आरपार जाऊन खालच्या धमनींत शिरे. जखम भरतांना दोहोंच्या मध्यें कायमचें भोंक राहून जाई. धमनींतलें जोरदार रक्त थेट शिरेंत घुसे. शीर फुगे, जाड होई, बोट ठेवलें तर थरथरे आणि कान लावला तर घरघर ऐकूं येई. लंडनच्या विल्यम हंटर यानें १७५७ सालीं या विकृतीचें वर्णन केलें. दोनशें वर्षें वैद्यक तिच्याकडे एक दोष म्हणून पाहत होतें.

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथें माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करणारे जेम्स चिमिनो आणि मायकेल ब्रेशिया यांनीं हाच दोष उलटा करून पाहिला. चिमिनोला तरुणपणीं रक्त काढण्याच्या कामाचा चांगला सराव झालेला होता; जाड शिरेंत सुई किती सहज जाते, हें त्याला हातानें माहीत होतें. मग शीर मुद्दामच जाड कां करूं नये? केनेथ अ‍ॅपेल या शल्यवैद्यानें १९६५ सालीं मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकांस शिवून जोडली. कातडीबाहेर कांहींच नाहीं. आंतल्या आंत शीर भरदार होते आणि उपचाराच्या दिवशीं तिच्यांत दोन सुया घातल्या कीं काम होतें. १९६६ सालीं या चमूनें आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. ही जोडणी फिस्टुला या नांवानें ओळखली जाते, आणि नवनवीन यंत्रें आलीं तरी आजही तीच सर्वांत उत्तम वाट मानली जाते. धमनी आणि शीर एकमेकांस शिवण्याची विद्या अ‍ॅलेक्सिस कॅरेलनें विसाव्या शतकाच्या आरंभींच दिलेली होती. ती या कामीं लावण्यास साठ वर्षें लागलीं.

भारतांत रक्तशुद्धीच्या यंत्राचें काम १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं वेल्लोर येथें सुरू झालें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ सालीं मूत्रपिंडाच्या रोपणाचा प्रयत्न झाला, आणि १९७१ सालीं वेल्लोर येथें जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचें रोपण यशस्वी झालें. रोपण हा श्रेष्ठ उपाय खरा. परंतु दाता मिळेपर्यंत आणि न मिळाल्यास कायमच रुग्णाचा आधार यंत्रावर असतो. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ सालीं ८ जिल्ह्यांत आणि २०१३ सालीं राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नांवानें चालते. केंद्र शासनाचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ सालीं जाहीर झाला. सिअ‍ॅटलच्या समितीसमोरचा प्रश्न सुटला असें म्हणतां येणार नाहीं. पण ज्या उपचाराचा पूर्वीं गरिबानें विचारही करूं नये, तो जिल्ह्याच्या गांवापर्यंत पोंचूं लागला हें खरें आहे.

यंत्र गांवापर्यंत पोंचलें म्हणजे वाटेचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो. समजा, लकडगंजांतील एखाद्या वखारींत ओंडके उचलणाऱ्या मनुष्याचीं मूत्रपिंडें गेलीं. त्याच्या डाव्या हाताला फिस्टुला केला. नवी जोडणी लगेच वापरतां येत नाहीं. तिला पक्व होऊं द्यावें लागतें. डॉक्टर सहांचा नियम सांगतात: सहा आठवड्यांनीं शीर सहा मिलिमीटर रुंद असावी, कातडीखालीं सहा मिलिमीटरांहून खोल नसावी, आणि तिच्यांतून मिनिटाला सहाशें मिलिलिटर रक्त वाहावें. त्या हातानें जड ओझें उचलूं नये, त्यावर रक्तदाबाची पट्टी बांधूं नये, त्यांतून तपासणीसाठीं रक्त काढूं नये, त्यावर डोकें ठेवून झोंपूं नये. ज्याचा हात हीच ज्याची मिळकत, त्याला आपला एक हात असा देव्हाऱ्यांतल्या मूर्तीसारखा जपावा लागतो. आठवड्याला तीन वेळां म्हटलें तर वर्षांत १५६ उपचार होतात, आणि दर वेळीं दोन सुया, म्हणजे त्या एका शिरेला वर्षांत ३१२ वेळां टोंचलें जातें.

शिरेचा स्वभाव मंद प्रवाहाचा. तिला धमनीचा जोर सोसावा लागतो. या माऱ्यानें तिच्या आंतल्या अस्तराला इजा होते आणि अस्तराखालच्या पेशी वाढूं लागतात. मार्ग अरुंद होत जातो आणि एखाद्या दिवशीं गुठळी होऊन बंद पडतो. त्यांत नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांवर जातो, घसा कोरडा पडतो, आणि रुग्णाला पाणी मात्र मोजून प्यावें लागतें. जास्त प्यालें तर दम लागतो व यंत्रावर एकदम अधिक पाणी काढावें लागतें. पाणी अति निघालें किंवा घामानें शरीर सुकलें तर रक्तदाब उतरतो, आणि उतरलेल्या रक्तदाबांत फिस्टुला गोठण्याचा धोका वाढतो. फिस्टुला बंद पडला कीं मानेंतल्या शिरेंत नळी घालावी लागते. तिच्यांतून जंतु रक्तांत शिरण्याचें भय. म्हणून मनगटावरच्या चार बोटें जागेवर सगळ्या घराचें लक्ष खिळून असतें.

ही वाट मोकळी राहावी म्हणून जे उपाय पुढें आले, त्यांत दूर-अवरक्त किरणांचा उपचार हा एक. नांव अवघड आहे, पण वस्तु घरगुती आहे. १८०० सालीं इंग्लंडमध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिष्यानें सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून त्याच्या रंगांत एकेक उष्णतामापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत वर चढला. प्रकाशासारखेच पण न दिसणारे किरण तेथें होते. त्यांनाच अवरक्त किरण म्हणतात. त्यांपैकीं जे तांबड्यापासून फार दूरचे, लांब लहरींचे, ते दूर-अवरक्त. चाळिशी-पन्नाशीच्या गृहिणीला हे किरण पुस्तकावांचून ठाऊक असतात. बाळंतिणीच्या बाजेखालीं ठेवलेली, राख चढून शांत झालेली शेगडी लाल दिसत नाहीं. पण हात पुढें केला तर ऊब लागते. ती ऊब पुष्कळ अंशीं याच जातीच्या किरणांची. फार काय, माणसाचें शरीर स्वतःही सदैव हेच किरण बाहेर टाकीत असतें. चरकानें तर स्वेदनावर स्वतंत्र अध्याय लिहून अग्नीच्या साह्यानें शेकण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत.

शेक ही जुनी गोष्ट. तिला आंकड्यांच्या कसोटीला लावणें ही नवी. तें काम तैवानांत झालें. तैपेई येथील एका मोठ्या रुग्णालयांत चिह-चिंग लिन आणि त्यांचे सहकारी यांनीं १४५ रुग्ण घेतले. ७२ जणांच्या फिस्टुलावर, सुमारें २५ सेंटिमीटर उंचीवरून, तापलेल्या चिनीमातीच्या पट्ट्यांचे किरण दर वेळीं ४० मिनिटें, आठवड्यांतून तीनदां, वर्षभर सोडले. हें सर्व डायलिसिस चालू असतांनाच होत असल्यामुळें रुग्णाचा वेगळा वेळ गेला नाहीं. उरलेल्या ७३ जणांना हा उपचार दिला नाहीं. २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किरण घेतलेल्यांपैकीं १२.५ टक्के जणांच्या फिस्टुलांत बिघाड झाला. न घेतलेल्यांत हें प्रमाण ३०.१ टक्के होतें. कसल्याही दुरुस्तीवांचून वर्षभर चालू राहिलेले फिस्टुला पहिल्या गटांत ८५.९ टक्के, तर दुसऱ्या गटांत ६७.६ टक्के भरले. त्याच मंडळींनीं पुढें १२२ रुग्णांच्या नव्या फिस्टुलांवर प्रयोग करून २०१३ सालीं कळविलें कीं, किरणांमुळें तो पक्व होण्याचें प्रमाणही वाढतें.

असें कां व्हावें? उबेनें रक्तवाहिन्या सैल होतात, हें कारण सर्वांना सुचेल. पण संशोधकांचें म्हणणें याहून खोल जातें. या किरणांमुळें शिरेच्या अस्तरांतील पेशी हीम ऑक्सिजनेज नांवाचें एक विकर अधिक प्रमाणांत तयार करतात, तें दाह शमवितें, आणि मार्ग अरुंद करणाऱ्या पेशींच्या वाढीला आळा घालतें, असें त्यांनीं प्रयोगशाळेंत दाखविलें आहे.

एवढ्यावरून हा उपचार सिद्ध झाला, असें मात्र म्हणूं नये. प्रयोग बहुतेक तैवान व आसपासच्या प्रदेशांतले आहेत, आणि रुग्णांची संख्या शेंकड्यांत आहे, हजारांत नाहीं. शिवाय गोळीच्या प्रयोगांत खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हें रुग्णापासून लपवितां येतें. हातावर ऊब लागते कीं नाहीं, हें कसें लपवावें? आपल्याला कांहीं विशेष मिळत आहे असें कळल्यानें रुग्ण व परिचारिका दोघांचीही काळजी वाढते आणि निकालांत तिचाही वांटा येतो. म्हणून अनेक देशांत, निरनिराळ्या रुग्णालयांत, मोठ्या संख्येनें परीक्षा होणें अवश्य आहे. जुन्या शेकाला विज्ञानाची साक्ष मिळाली म्हणून हुरळून जाणें चूक, आणि नुसती शेकशेगडी म्हणून हंसणेंही तितकेंच चूक.

येथें एक इशारा द्यावयास हवा. हे किरण मोजून दिलेले असतात: उंची ठरलेली, वेळ ठरलेला, परिचारिकेची नजर वर. लाल प्रकाशाचा साधा शेकण्याचा दिवा म्हणजे हें उपकरण नव्हे. त्याचे बरेचसे किरण तांबड्याच्या लगतचे असतात. घरीं गरम पाण्याची पिशवी, तव्यावरचा फडका किंवा निखारे फिस्टुलावर धरणें धोक्याचें आहे. पुष्कळ रुग्णांना मधुमेह असतो, आणि मधुमेहानें हाताची संवेदना कमी झालेली असते. कातडी भाजली तरी कळत नाहीं. त्या कातडीखालीं जोरानें वाहणारें रक्त आहे, हें विसरून चालणार नाहीं.

मग घरच्यांनीं करावें काय? करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाहीं. मूत्रपिंडाचा आजार कळला त्या दिवसापासूनच कमी वापरांतल्या हाताच्या शिरा राखून ठेवाव्या. तपासणीचें रक्त शक्यतों तळहाताच्या मागच्या बाजूनें काढूं द्यावें. यंत्राची गरज पडण्यापूर्वींच फिस्टुला करून घ्यावा, म्हणजे मानेंत नळी घालण्याची वेळ येत नाहीं. उन्हाळ्यांत दोन उपचारांच्या मध्यें वाढलेलें वजन रोज काट्यावर पाहावें. आणि रोज सकाळीं उठल्यावर त्या जागीं बोटें ठेवावीं. थरथर लागली, तर रक्त वाहत आहे. ती मंद झाली, बदलली किंवा थांबली, तर संध्याकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. गुठळी ताजी असतांना तिचा उपाय होऊं शकतो, दिवस उलटले कीं तो हातचा जातो.

विल्यम हंटरनें १७५७ सालीं जी थरथर रोगाची खूण म्हणून नोंदविली, तीच आज जीव सुरक्षित असल्याची खूण झाली आहे. मधल्या काळांत जळवा आल्या, लाकडी पिंप आलें, टेफ्लॉनच्या नळ्या आल्या, आणि आतां अदृश्य किरण आले. यांतलें प्रत्येक साधन उपयोगी पडलें. पण त्यांतलें एकही माणसाच्या दक्षतेची जागा घेऊं शकलें नाहीं. लकडगंजांतला सुतार दार बसवून झाल्यावर तें एकदां हातानें उघडून मिटून पाहतो आणि मगच पैसे मागतो. मनगटावरचें हें दारही तसेंच रोज हातानें पाहावें लागतें. तें पाहणारा हात रुग्णाचा असेल, त्याच्या पत्नीचा असेल, मुलाचा असेल. पण त्या हाताची सवय मोडली, तर जगांतलें कोणतेंही यंत्र त्याची भरपाई करूं शकणार नाहीं.